फ्लेक्सवरचा डोळा

आमच्या पायलचे पप्पा म्हणजे आष्टीतला एकच माणूस, ज्याला लोक लग्नाला बी बोलावतात आन कपाशीवरल्या किडीला बी. नाव राजानंद. पण गावात नुसतं नाव विचाराल तर कुणी पत्ता सांगणार न्हाई, "किडीवाला फोटोग्राफर" म्हणावं लागतं. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं न्हवतं. नवरा स्टुडिओवाला हाये म्हणले, मी खुश झाले. लग्नाला पंधरा दिवस झाले न्हाईत तर हा माणूस अंगणात पालथा पडलेला, कॅमेरा एका मुंगळ्याच्या तोंडापुढं, आन मला म्हणतो कसा, "अक्षता, सरक बाजूला, तुझ्या सावलीनं त्याचा डोळा गेला." कपाळ माझं!

तेव्हा त्यांच्याकडं चांगली लेन्स न्हवती. कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स काढून उलटी लावायचे. उलट्या लेन्समधून बारीक गोष्ट मोठी दिसते, पण चार बोटांच्या अंतरावर तोंड न्यावं लागतं. टोळ असला की उडून जायचा, मधमाशी असली की चावायची. एकदा भुवई सुजवून आल्ते, मी दोन दिवस हसून राह्यले. मंग पैसे साठवून संभाजीनगरातून एक जुनी शंभर एमएमची मॅक्रो लेन्स आणली. तिच्यानं हातभर लांब उभं राहून किडीच्या पायावरचे केस मोजता येतात. लग्नात अंगठीचा, मेंदीचा फोटो बी तिच्यावरच. पोरीला उचलून घेणार न्हाई असं त्या लेन्सला उचलून घ्यायचे.

मला शिकवायला बघायचे. "जवळच्या फोटोत मशिनीच्या फोकसवर भरवसा ठेवायचा न्हाई," म्हणायचे. "ते पुढं-मागं चाचपडत बसतं आन शेवटी पापणीला जाऊन चिकटतं. साफ दिसणारी जागा असती तांदळाच्या दाण्याएवढी. पापणी साफ आली की बुबुळ गेलं. म्हणून लेन्सवरची फोकसची रिंग हातानं एकदा लावून ठेवायची, परत शिवायची न्हाई. श्वास रोखायचा आन आपणच झुकायचं. झुकता झुकता डोळा साफ दिसला की दाबायचं." कीड असो का नवरी, डोळा साफ नसला तर फोटो फेकायचा, हा त्यांचा कायदा. दुसरा कायदा उजेडाचा. समोरून फ्लॅश मारला की भुंग्याची पाठ नुसती चमकते, अंग दिसत न्हाई. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरायचा, आन त्याच्या तोंडावर दह्याच्या डब्याचं पांढरं झाकण.

कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं. बारावी झालेली, वर परतूरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. नवऱ्या उजळ करायच्या, पिंपल्स पुसायचे, मामाच्या डोळ्यावरची झोप काढायची. फ्लॅशनं माणसाचे डोळे लाल येतात ना, ते काढायला तर एक बटणच हाये. दाबलं की डोळा काळाभोर. दहा वर्षांत मी किती लाल डोळे काळे केले असतील, त्याची गिनती न्हाई.

आता जे सांगते ते ह्याच कामाचं.

दैवशाला माझ्याच बचत गटातली. खळ्याकडल्या मोठ्या घरची सून, पण नाक वर करून चालणारी न्हाई. तिचा नवरा कल्याण, सासरे भुजंगआबा. पहिली पोर प्रीती. दोन वर्षांपूर्वीच्या पौषात प्रीतीचा पहिला वाढदिवस झाला आन आमच्याकडं पहिल्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागलाच पाहिजे. संध्याकाळी फोटो काढायला हे गेले, तर लाईट गेलेली. बाजूच्या फ्लॅशचे सेल उतरलेले. मंग कॅमेऱ्याच्या डोक्यावर जो टोपीवाणी उघडतो, त्याच फ्लॅशवर दहा-बारा फोटो घेतले आन कार्ड माझ्या हातात देऊन दुसऱ्या गावी लग्नाला निघून गेले.

फ्लेक्सवाल्याला जल्दी पाहिजे होतं. मी सगळ्यात हसरा फोटो निवडला. उजवा डोळा लाल होता, बटण दाबलं, काळा झाला. डाव्यावर बटण चालेना. कारण तो लाल न्हवताच. पांढरा होता, बुबुळात दुधाचा थेंब पडल्यावाणी. मी म्हणलं, आली चमक फ्लॅशची. उजवा डोळा उचलला, उलटा केला आन डावीकडं बसवला. दोन मिनिटांचं काम. एवढा बेमालूम बसला की मी स्वतःवरच खुश होऊन चहा करून प्याले.

चौकात तो फ्लेक्स महिनाभर होता. येता-जाता बाया म्हणायच्या, काय डोळे हायेत पोरीचे!

त्यानंतर सात महिन्यांनी, श्रावणात, दैवशाला म्हणाली वाढदिवसाचा अल्बम करून दे. लग्नसराई न्हाई, पाऊस लागलेला, म्हणून हेच बसले कॉम्प्युटरपुढं. मी मागं भाजी निवडून राह्यले होते. बराच वेळ माऊसचा आवाज आला न्हाई.

"अक्षता, हे काय हाये?"

बघितलं तर प्रीतीचा मूळ फोटो, पडदाभर मोठा केलेला.

"फ्लॅशची चमक हाये. फ्लेक्सला काढली ना मी."

"फ्लॅश एकच व्हता. मंग एक डोळा लाल आन एक पांढरा कामून?"

त्यांनी बाकीचे फोटो उघडले. पोर जिथं जिथं समोर बघत होती तिथं तिथं तोच डोळा, तेच पांढरं. चमक असती तर कधी इकडं, कधी तिकडं पडली असती. ह्यांनी मोबाईल काढला, काहीतरी लिहिलं, आन वाचता वाचता त्यांचं तोंड उतरत गेलं. मंग मोबाईल माझ्याकडं सरकवला. फ्लॅशमधी डोळा लाल येणं बराबर, पांढरा आला तर कधीकधी नुसता नजरेचा कोन असतो, असं लिहिलेलं. कधी लहानपणचा मोतीबिंदू असतो. आन कधी डोळ्याच्या आत गाठ असते. गाठ असली तर डोळा जातो, आन लै उशीर झाला तर लेकरू जातं.

हातातली मेथी तशीच जमिनीवर.

"सात महिने," मी म्हणलं. "पायलच्या पप्पा, सात महिने झाले हो!"

"गप. आधी बघू तरी."

पण जायचं कसं? आन बोलायचं काय? लहान लेकरावर फ्लॅश मारला की डोळे जातात, असं अर्धं गाव आधीच म्हणतं. आम्ही जाऊन म्हणायचं की तुमच्या पोरीच्या डोळ्यात काहीतरी हाये, आन भुजंगआबांनी म्हणायचं की मंग तुम्हीच केलं ते! एकदा तोंडातून निघालं की गावभर. कोण परत लेकराचा फोटो काढायला येईल आमच्याकडं? स्टुडिओवर दगड बी आला असता. हे सगळं मी बोलून दाखवलं. हे ऐकत राह्यले, मंग म्हणाले, "आन सांगितलंच न्हाई तर?"

शेवटी ठरलं की आधी आपली खात्री करू. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खळ्याकडं गेलो. अल्बमला एक जवळचा फोटो पाहिजे, असं सांगितलं. ओसरीवर उजेड चांगला होता. ह्यांनी मॅक्रो लावली. दुसरी छोटी लेन्स घेतली असती तर पोरीच्या नाकापाशी जावं लागलं असतं, ती रडली असती. मॅक्रोनं हातभर लांबून काम होतं. बाजूचा फ्लॅश मी धरला, दह्याचं झाकण लावून. हे गुडघ्यावर बसले, रिंग लावली, श्वास रोखला, आन पुढं-मागं झुकायला लागले. प्रीतीला वाटलं खेळ चाललाय, ती बी झुकायला लागली. दैवशाला हसून लोटपोट. मी बी वरवर हसले.

फोटो बघितला. काय फोटो होता! पापण्या न्हाई, बराबर बुबुळावर फोकस. डाव्या डोळ्याची एक एक रेघ दिसत होती, आन मधली बाहुली काळीभोर. पांढरं काहीच न्हाई.

रस्त्यात मी एवढी हसले की लोक बघायला लागले. घरी येऊन शिरा केला. हे बी दोनदा वाढून घेऊन जेवले. मी म्हणलं, तुमच्या त्या मोबाईलला आग लावा, उगाच जीव मुठीत धरायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक शेतकरी सोयाबीनवरचा चक्रीभुंगा डबीत घालून घेऊन आला, औषधाच्या दुकानात दाखवायला फोटो पाहिजे म्हणून. ह्यांनी तो पानावर ठेवला, बाजूनं झाकणवाला फ्लॅश मारला, फोटो घेतला. शेतकरी म्हणाला, "वा भाऊ, पाठ एवढी चकचकीत असून चमक कुठंच आली न्हाई." हे "हो" म्हणाले आन स्टुलावर बसले. शेतकरी गेला तरी बसूनच. मी पाणी दिलं तर ग्लास हातात तसाच.

"काय झालं?"

"मी परवा... न्हाई, काल. कालचा फोटो मी असाच घेतला."

"असाच म्हणजे?"

"चमक दिसू नये असा."

ते सांगत होते आन मला अर्धंच ऐकू येत होतं. आत जे काही हाये ते दिसायला उजेड समोरून, लेन्सच्या अगदी शेजारून जायला पाहिजे. वाढदिवसाला लाईट न्हवती म्हणून तसा गेला. काल आम्ही उजेड बाजूनं दिला, वर झाकण लावलं, ओसरीच्या उजेडात बाहुली बारीक झालेली. दहा वर्षं ज्या कामात हा माणूस पटाईत झाला तेच काम त्यानं केलं होतं. आन मी शिरा केल्ता.

ते उठले. कॅमेरा घेतला. "चल," म्हणाले. "आता काहीच लपवायचं न्हाई."

दैवशालाला ह्या वेळी हसू आलं न्हाई. दोन दिवसांत दुसऱ्यांदा आलो, वर ह्यांचं तोंड पांढरंफटक. "अजून एक फोटो पाहिजे, मधल्या खोलीत, दार-खिडकी लावून," म्हणल्यावर तिनं पोरीला छातीशी धरलं. "अक्षता, काय लपवून राह्यलीस?" मी म्हणलं, फोटो झाला की सगळं सांगते. कल्याण दारात येऊन उभा राह्यला, भुजंगआबा खाटेवर उठून बसले.

खोलीत अंधार केला. ह्यांनी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश उघडला. पण मॅक्रो लेन्सचं नळकांडं लांब, जवळून मारला की नळकांड्याची सावली तोंडावर पडते. म्हणून पार भिंतीला पाठ लावून आठ फुटांवर उभे राह्यले. एवढ्याशा उजेडात मशीन फोकस धरेना, नुसतं घर्र घर्र करून राह्यलं. "वहिनी, तुमची बांगडी पोरीच्या गालाला लावा," म्हणाले. काचेच्या बांगडीवर खिडकीच्या फटीतला उजेड चमकत होता. त्या चमकीवर त्यांनी हातानं रिंग लावली, बांगडी काढायला सांगितली, आन भिंतीला घासत थोडं पुढं, थोडं मागं झुकले. ह्या वेळी पोर झुकली न्हाई. आईकडं बघत होती. मी लेन्सपाशी चुटकी वाजवली, "प्रीती, ए प्रीती, इकडं बघ गं." तिनं बघितलं. फ्लॅश पडला.

उजवा लाल. डावा पांढरा. मांजराच्या डोळ्यावाणी.

ह्यांनी खिडकी उघडली आन सगळं सांगितलं. अडखळत, फ्लेक्सवरचं माझं काम तेवढं गाळून. डॉक्टरकडं आजच्या आज न्यायला पाहिजे, असं हात जोडून म्हणाले.

भुजंगआबा ओरडले, "फ्लॅश मारून मारून पोरीचा डोळा खराब केला, आन आता आम्हाला शहाणपण शिकवून राह्यले व्हय रे!"

"आबा, फ्लॅशनं असं होत न्हाई," हे म्हणाले.

"थांबा," कल्याण म्हणाला. तो तरातरा गोठ्याकडं गेला. कडब्यावर झाकायला टाकलेला तोच वाढदिवसाचा फ्लेक्स ओढून आणला आन ओसरीवर पसरला. पाणी निथळत होतं, कोपऱ्यावर शेण. मधी प्रीती हसत होती. "हे घ्या. तुमचाच फोटो, तुमच्याच फ्लॅशचा. दोन्ही डोळे बराबर हायेत का न्हाईत? मंग तेव्हा कामून न्हाई दिसलं पांढरं? कालच्या फोटोत बी न्हवतं. आज तुमच्या मशिनीतच काहीतरी बिघाड हाये. उगाच लेकराला दवाखाने दाखवायचे न्हाईत."

आबा म्हणाले, बराबर हाये. दैवशाला त्या फ्लेक्सकडं बघत होती, आन तिच्या तोंडावर मला धीर आलेला दिसला. तिला विश्वास ठेवायचा होता त्याच्यावर. हे माझ्याकडं बघत बी न्हवते. ते मला कधीच बोल म्हणाले नसते, हे मला माहीत होतं. मी गप्प बसले असते तर आम्ही दोघं शिव्या खाऊन घरी गेलो असतो, आन पोर घरातच राह्यली असती.

"तो डोळा तिचा न्हाई," मी म्हणलं.

कुणाला कळलंच न्हाई. मी खाली बसले, फ्लेक्सवर बोट ठेवलं. "हा डावा डोळा तिचा न्हाई. तिचा पांढरा आल्ता. मी पुसला. उजवा उचलून इथं चिकटवला. दिसायला वाईट दिसत होतं म्हणून. दैवशाला, तेव्हाच पांढरं होतं गं. सात महिन्यांपासून हाये."

कल्याणच्या हातातला फ्लेक्सचा कोपरा सुटला. दैवशालानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं पोरीला मांडीवर घेतलं, हातात बांगडी खेळायला दिली आन तळहातानं तिचा डावा डोळा झाकला. प्रीती बांगडी फिरवत राह्यली. मंग आईनं उजवा झाकला. पोरीनं बांगडी टाकली, आईचा हात दोन्ही हातांनी ओढला आन जिवाच्या आकांतानं रडायला लागली. दैवशालानं परत डावा झाकला. पोर गप्प, बांगडी शोधायला लागली.

"गाडी काढा," दैवशाला नवऱ्याला म्हणाली. आबांना विचारलं बी न्हाई.

संभाजीनगरला गेले, हे बी सोबत, तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाठच होती. भादव्यात डावा डोळा काढला. डॉक्टर म्हणाले डोळ्याच्या बाहेर गेलेली न्हाई, लेकरू वाचलं. ह्यांनी हिंमत करून विचारलं की सात महिने आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, कदाचित डोळा बी वाचला असता, सांगता येत न्हाई. हे घरी येऊन मला जसंच्या तसं बोलले. मला वाटलं होतं लपवतील. पण जाताना मीच म्हणलं होतं, काहीच गाळू नका.

चार महिने दैवशाला माझ्याशी बोलली न्हाई. बचत गटाला मी असले की ती यायची न्हाई. मी फोटो पुसायचं काम सोडलं होतं. लग्नाचे फोटो तसेच द्यायचे, लोक नाराज व्हायचे, हे काही म्हणायचे न्हाईत. मला स्वप्नात तो फ्लेक्स दिसायचा.

मंग एका दुपारी ती स्टुडिओत आली. कडेवर प्रीती, डाव्या बाजूला काचेचा डोळा. मी उठून उभी राह्यले, मला खुर्ची द्यायचं बी सुचलं न्हाई.

"डॉक्टर दर काही महिन्यांनी बघतात," ती म्हणाली. "दुसऱ्या डोळ्यात बी येऊ शकतं म्हणले. त्या तारखा मी चुकवत न्हाई. पण मधल्या दिवसांत मला झोप लागत न्हाई. दर महिन्याला असा फोटो काढून द्या, अंधारातला." ती ह्यांच्याशी बोलत होती. मंग माझ्याकडं वळली. "आन बघायचं तू."

"मी? मी कशी... हे बघतील ना, त्यांना जास्त कळतं."

"मी तुला माफ केलं न्हाई, अक्षता. करीन का न्हाई ते बी माहीत न्हाई. पण दुसरं कुणी बघंल आन मला बरं वाटावं म्हणून म्हणंल ठीक हाये. तू आता तसं म्हणणार न्हाईस. तुला माझ्याएवढीच भीती वाटती."

तेव्हापासून दर महिन्याला येते. प्रीती आता अंगणवाडीत जाते, फार बोलते. आतल्या खोलीला आम्ही जाड पडदा लावलाय. हे आठ फुटांवर भिंतीला टेकतात, बांगडीवर रिंग लावतात, श्वास रोखून झुकतात. मी चुटकी वाजवते. मंग कार्ड माझ्या हातात येतं आन मी कॉम्प्युटरपुढं बसते. दैवशाला माझ्या खुर्चीमागं उभी राहते, तिचा श्वास माझ्या मानेवर लागतो. फोटो उघडायला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मी कुणाकुणाला हात जोडते ते मलाच माहीत.

परवाचा फोटो उघडला. मी उजवा डोळा मोठा केला, अजून मोठा, पडदाभर.

लाल होता. लालभडक, सगळीकडून सारखा.

मी त्याला हात लावला न्हाई. खुर्ची बाजूला सरकवली, दैवशाला पुढं आली आन तिनं पडद्यावरच्या त्या लाल डोळ्यावर बोटं ठेवली. मागं प्रीती विचारत होती की झाला का माझा फोटो.